तंबाखू आणि जनुकांची हानी

तंबाखूतील आणि तिच्या धुरातील काही रसायने पेशीच्या डीएनएला चिकटतात आणि त्यातील अक्षरक्रम कायमचा बिघडवतात. असे बिघाड वर्षानुवर्षे साचत जातात. त्यांतले मोजके नेमक्या जागी बसले, की पेशीच्या वाढीवरचा लगाम सुटतो आणि कर्करोग होतो. फुप्फुस, स्वरयंत्र, तोंड, घसा, अन्ननलिका, स्वादुपिंड आणि मूत्राशय हे त्याचे नेहमीचे बळी. नागपूर आणि एकंदर विदर्भात तंबाखू दोन वाटांनी शरीरात जाते : बिडी-सिगारेटच्या धुरातून आणि खर्ऱ्यातून, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणातून. दोन्हींचा जनुकांवरचा घाव सारखा नसतो.

धुरात काय असते : तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने आढळली आहेत, त्यांपैकी सुमारे ७० कर्कजनक आहेत. पाने अपुऱ्या हवेत जळली की बेन्झोपायरीनसारखी अनेक कड्यांची हायड्रोकार्बने तयार होतात. त्यांच्या जोडीला फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन, मूत्राशयाला घातक असलेली ॲरोमॅटिक अमाइने आणि किरणोत्सर्गी पोलोनियम-२१० असते. बिडीत सिगारेटच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच तंबाखू असते, म्हणून ती ‘हलकी’ समजली जाते. हा समज चुकीचा आहे. तेंदूपानातून हवा जात नाही, बिडी सारखी विझते, आणि ती पेटती ठेवण्यासाठी झुरके वारंवार व जोराने घ्यावे लागतात. फिल्टरला छिद्रे असलेल्या सिगारेटचेही तेच : ओढणारा निकोटिनची उणीव खोल झुरक्याने भरून काढतो आणि धूर फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतो.

निकोटिन व्यसन लावते. जनुकांवर घाव घालणारी मुख्य रसायने वेगळी आहेत. मात्र तंबाखू वाळवताना आणि आंबवताना निकोटिनपासूनच एनएनके नावाचे कर्कजनक नायट्रोसामाइन बनते. म्हणजे हे विष काडी पेटवण्याआधीच तंबाखूत असते.

घाव कसा बसतो : बेन्झोपायरीन मूळ रूपात डीएनएला फारसे काही करत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर ते विरघळण्याजोगे करून बाहेर टाकू पाहते. सीवायपी१ए१ आणि त्याच्या गटातील एन्झाइमे त्याला ऑक्सिजन जोडतात, दुसरे एन्झाइम पाणी जोडते, मग पुन्हा ऑक्सिजन जोडला जातो. या तिसऱ्या पायरीवर जो रेणू तयार होतो तो अत्यंत क्रियाशील असतो. त्यातला बराचसा निकामी होऊन लघवी-शौचावाटे निघून जातो; उरलेला डीएनएतील ग्वानिन या अक्षराला घट्ट चिकटतो. शरीराची साफसफाईच येथे घात करते.

पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते. चिकटलेल्या रेणूच्या गाठीभोवतीचा सुमारे ३० अक्षरांचा तुकडा कापून काढायचा आणि समोरच्या धाग्यावरून पाहून नवा भरायचा, अशी ती चालते. वापरात असलेल्या जनुकाचा वाचला जाणारा धागा आधी दुरुस्त होतो, दुसरा मागे राहतो. दुरुस्तीपूर्वीच पेशी विभागली, तर नक्कल करणारे एन्झाइम गाठीपाशी चुकते, समोर भलतेच अक्षर बसवते आणि पेशींच्या पुढच्या पिढीत ग्वानिनच्या जागी थायमिन येते. आता गाठ नसली तरी चूक कायम राहते. ती ओळखायला दुरुस्ती-यंत्रणेकडे कोणतीच खूण उरत नाही.

एनएनकेची रीत निराळी. त्यापासून सुटलेला लहानसा मिथिल गट ग्वानिनला जाऊन बसतो. तो काढणाऱ्या एमजीएमटी या प्रथिनाचा एक रेणू एकच घाव दुरुस्त करतो आणि त्यातच खर्ची पडतो. घावांचा वेग नव्या प्रथिनाच्या निर्मितीपेक्षा जास्त झाला की घाव तसेच राहतात. त्यात फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीन दुरुस्तीच्या यंत्रणेलाच अडवतात.

पुरावा : धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासांतून ठळक झाला. रेणूच्या पातळीवरचा थेट दुवा १९९६ मध्ये मिळाला. पेशींवर नियंत्रण ठेवणाऱ्या पी५३ जनुकात बेन्झोपायरीनचा क्रियाशील रेणू १५७, २४८ आणि २७३ या स्थानांवर विशेष करून चिकटतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात पी५३ नेमके याच जागी वारंवार मोडलेले सापडते. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासाने हिशेबच मांडला : रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षभर सिगारेट ओढल्यास फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० उत्परिवर्तने (अक्षरक्रमातले कायमचे बदल) वाढतात, स्वरयंत्रात ९७, घशात ३९, तोंडात २३, मूत्राशयात १८ आणि यकृतात ६. यांतली बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात. धोका असतो तो रोज नव्याने होणाऱ्या या सोडतीचा.

खर्रा : २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. त्यामुळे इथे केवळ फुप्फुसाबद्दल बोलून भागत नाही. नागपुरात पानठेल्यावर सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून खर्रा घोटला जातो आणि गालात बराच वेळ धरला जातो. ‘मी ओढत नाही, फक्त खर्रा खातो’ यात सुरक्षितता काहीच नाही. धूर नसल्याने बेन्झोपायरीन कमी, पण नायट्रोसामाइने थेट गालाच्या आतल्या त्वचेला लागून बसतात. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटिन झपाट्याने आत शिरते आणि सुपारीतील पॉलिफिनॉलांपासून क्रियाशील ऑक्सिजन सुटतो. सुपारीतील ॲरेकोलीनपासून लाळेत आणखी नायट्रोसामाइने बनतात. चुन्याने सोललेली त्वचा भरून काढायला पेशी भराभर विभागतात, आणि जितकी विभागणी तितकी चुकीला संधी. तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाल-हिरडीच्या गाठींमध्ये उत्परिवर्तनांचा वेगळाच ठसा सापडला आहे. अशा ठशांच्या यादीत धुराच्या ठशाला ४, तर याला २९ हा क्रमांक आहे.

सुपारीमुळे गालाखालचे तंतू आखडतात आणि तोंड उघडेनासे होते. सुरुवातीला सावजी रस्साच काय, वरणातल्या मिरचीनेही तोंड पोळते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी करावी. पांढरा चट्टा, आणि त्याहून जास्त धोक्याचा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसल्यास तुकडा तपासणी (बायोप्सी) लागतेच. शासकीय दंत महाविद्यालय किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी ती होते. महिनोन्‌महिने मलम लावत राहणे, किंवा जखमेजवळचा हलणारा दात तपासणीविना काढून घेणे, यात मोलाचा वेळ जातो. तंबाखू सोडून साधी सुपारी धरणे हाही उपाय नव्हे. निव्वळ सुपारी स्वतंत्रपणे कर्कजनक आहे.

सोडल्यानंतर : झालेली उत्परिवर्तने पुसली जात नाहीत. तरी २०२० मध्ये असे आढळले, की धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळपास न बिघडलेल्या पेशींचा वाटा वाढलेला असतो. काहींमध्ये तो ४० टक्क्यांपर्यंत होता. दहा वर्षांनंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या सुमारे निम्म्यावर येतो. आखडलेले तोंड मात्र खर्रा सोडल्यावरही आपोआप पूर्ववत होत नाही आणि त्यातून कर्करोग होण्याची शक्यता उरते, म्हणून तोंडाची नियमित तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे.