कुत्रीची नसबंदी (ग्रामीण विदर्भ)

भूल देऊन, पोटावर छेद घेऊन कुत्रीचे अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला नसबंदी म्हणतात. त्यानंतर कुत्री माजावर येत नाही आणि गाभण राहत नाही. विदर्भातल्या खेड्यात कुत्री दिवसा अंगणात असते, रात्री मालकासोबत जागलीला जाते आणि साखळी तिला क्वचितच ठाऊक असते. तिला नर भेटणारच. म्हणून ‘करावी का’ हा प्रश्न इथे लवकर सुटतो, ‘केव्हा’ हा अडतो.

कुत्री साधारण ६ ते १२ महिन्यांची असताना पहिल्यांदा माजावर येते. लहान चणीची लवकर, मोठ्या जातीची उशिरा. गावठी कुत्र्यांचा मुख्य हंगाम पावसाळा सरताना असतो, भादवा आणि कुत्री यांचे नाते गावात कुणाला सांगावे लागत नाही. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात येतात, ऐन कापूस वेचणीत आणि थंडीत. त्यातली फार थोडी जगतात. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या २०१६ सालच्या एका अभ्यासात ३६४ पिल्लांपैकी सुमारे १९ टक्केच पिल्ले वयात येईपर्यंत टिकली.

मार्गशीर्षात जन्मलेली पिल्ली सहा महिन्यांची होते ती ज्येष्ठात. भादव्याआधी तिला दवाखान्यात न्यायचे, तर नेमके पेरणीचे दिवस आडवे येतात. ‘पेरण्या आटोपल्या की नेऊ’ म्हणणाऱ्याच्या घरी दिवाळीनंतर बहुधा पिल्लेच असतात. रोहिणी नक्षत्रात शस्त्रक्रिया उरकून घेतली, तर मृगाचा चिखल सुरू होईपर्यंत जखम बरीच भरलेली असते. उन्हाचा कडाका पाहता नेणे-आणणे मात्र सकाळीच करावे.

पहिला माज ओळखणे अवघड नाही, पण तिथेच फसगत होते. योनी सुजते, सारवलेल्या अंगणात रक्ताचे थेंब दिसतात. आठ-दहा दिवसांनी रक्त फिकट होते. ‘संपलं’ म्हणून लोक कुत्रीला सोडतात, आणि ती नराला जवळ येऊ देते ते नेमके याच दिवसांत. पूर्ण माज सुमारे तीन आठवडे चालतो. कुत्री जुळल्यावर दगड मारून किंवा पाणी ओतून गर्भ टळत नाही, दोघांना इजा मात्र होते. माज चालू असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे डॉक्टर सहसा थांबायला सांगतात. माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. त्यासाठी रक्त दिसल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

पहिल्या माजाआधी नसबंदी केल्यास स्तनांच्या गाठींचा धोका बराच घटतो, असे अमेरिकेतील १९६९ सालच्या अभ्यासापासून मानले जाते. हा पुरावा समजतो तितका भक्कम नाही, असे २०१२ मधल्या एका आढाव्याने दाखवले. उलट बाजूही आहे. जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्याने सांध्यांचे विकार वाढू शकतात. काही कुत्र्यांना पुढे लघवी आवरत नाही. अंगणात कोंडून ठेवता येईल अशी विकत आणलेली मोठ्या जातीची कुत्री असेल, तर वर्षभर थांबण्यात अर्थ आहे. मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कुत्रीसाठी थांबण्यात तोटाच जास्त. नसबंदीने समागमातून पसरणाऱ्या कर्करोगाच्या गाठींपासूनही ती बरीच वाचते.

‘एकदा तरी व्यायली पाहिजे’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. राखण सोडेल ही भीतीही अनाठायी, कारण राखणदारी अंडाशयावर अवलंबून नसते. माज थांबवायच्या इंजेक्शनाचा सोपा वाटणारा मार्ग मात्र टाळावा, त्याने गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

गावातला ‘ढोराचा दवाखाना’ मुख्यतः गाई-म्हशी, बैल, शेळ्यांसाठी चालतो. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल आणि निर्जंतुक टेबल लागते, म्हणून तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी चौकशी करावी. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था ही विदर्भातली शिक्षणाची दोन मोठी केंद्रे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्रीची नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, मोकाट कुत्र्यांची स्थानिक स्वराज्य संस्थेची.

नेण्याआधी रात्रीपासून पोट रिकामे ठेवतात. नंतर दहा-बारा दिवस कुत्री टाके चाटणार नाही एवढे पाहावे, गळ्यात शंकूसारखी संरक्षक कॉलर नसेल तर जुना बनियन पोटाला घट्ट बांधतात. तिला गोठ्यात नव्हे, कोरड्या ओट्यावर ठेवावे. भाकरीचे प्रमाण थोडे कमी करावे, नसबंदीनंतर भूक वाढते आणि अंग लवकर चढते. टाके निघेपर्यंत शेतात नेऊ नये. जखमेतून पू किंवा रक्त आले, किंवा तिने खाणे सोडले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्रीने माजानंतर महिना-दीड महिन्याने खाणे टाकले, पाणी फार प्यायला लागली आणि मागून दुर्गंधीयुक्त स्राव दिसू लागला, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यावा. कधी गर्भाशयाचे तोंड बंद राहून पू आतच साठतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. मग तीच शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते, जास्त खर्चाची आणि जास्त धोक्याची.