‘राम के नाम’वर बंदी आहे?

आनंद पटवर्धन यांच्या ‘राम के नाम’ची लिंक कुणी पाठवली की सोबत हमखास ओळ येते: ‘बंदी घातलेला माहितीपट’. ही बंदी कधीच नव्हती. उलट सेन्सॉर बोर्डाने त्याला थेट ‘यू’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे लहान मुलांनीही पाहावा असा. सर्वोत्कृष्ट शोधपर माहितीपटाचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारही मिळाला. अयोध्येच्या जन्मभूमीचे पुजारी लालदास त्यात शांतपणे विश्व हिंदू परिषदेच्या राम मंदिर मोहिमेवर टीका करतात. 1993 मध्ये त्यांची हत्या झाली.

मग अफवा आली कुठून? दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला, आणि पटवर्धनांना कोर्टाची पायरी चढावी लागली. काही ठिकाणची प्रदर्शनंही धमक्यांमुळे, दबावामुळे बंद पडली. (झुंडीने खेळ बंद पाडणं म्हणजे सरकारी बंदी नव्हे, पण पडद्यासमोर बसलेल्याला काय फरक पडतो!)

सेन्सॉरशी खरी झुंज झाली ती पटवर्धनांच्याच ‘वॉर अँड पीस’ या दुसऱ्या माहितीपटावरून. बोर्डाने भरमसाट काटछाट सुचवली. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि चित्रपट एकही कट न देता सुटला.