मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एकच, तास वेगळे

दोन विमानतळांमधले अंतर सांगणाऱ्या वेबसाइटवर मुंबई आणि न्यूयॉर्क टाकले, की साधारण 12,540 किलोमीटर असे उत्तर येते आणि खाली वेळ दिसतो 14 तास. अंतर बरोबर आहे. वेळेवर विसंबून मात्र न्यूयॉर्कच्या भाच्याला एअरपोर्टवर बोलावू नये.

हे अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढतात. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, की तो सर्वांत जवळची वाट दाखवतो, तेच बृहत्‌वृत्त. त्यावरचा 1 अंश म्हणजे सुमारे 111.2 किलोमीटर, आणि ही दोन शहरे 112.7 अंशांवर आहेत. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरियावरून अटलांटिकमध्ये उतरते. ती दिसते सरळ, पण भरते सुमारे 14,200 किलोमीटर. दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडेच निघतो आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलँड करत ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली वळतो.

विमान या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. अशा वेळी आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकावे लागते. युद्धक्षेत्रे टाळायची असतात. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत लागतो. म्हणून अंदाज बांधताना अंतरात 5 टक्के वाढवावेत: सुमारे 13,170 किलोमीटर.

आता वेग. बोइंग 777 ध्वनीच्या सुमारे 0.84 पट वेगाने उडते. अकरा किलोमीटर उंचीवर, उणे 56 अंश सेल्सियसला, हा वेग ताशी 890 किलोमीटरच्या घरात जातो. पण तो हवेच्या तुलनेत, जमिनीच्या नव्हे. त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे जोरदार वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो आणि हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो. वैमानिक जाताना तो चुकवायला बघतात, येताना त्यावर स्वार होतात.

जाताना तोटा आणि येताना फायदा, म्हणजे हिशेब फिटला असे वाटेल. फिटत नाही. वेग 900 आणि वारा वाटभर ताशी 100 किलोमीटर धरा. मूळ 12,540 किलोमीटरांसाठी समोरच्या वाऱ्यात 1 तास 44 मिनिटे जादा लागतात, पाठीवरच्या वाऱ्यात वाचतात फक्त 1 तास 24 मिनिटे. कारण सोपे आहे: उलट्या वाऱ्यात विमान हळू जाते, म्हणून त्या वाऱ्यात राहतेही जास्त वेळ.

प्रत्यक्षात सरासरी वारा याहून कमी लागतो. जाताना ते वाढवलेले 13,170 किलोमीटर ताशी 850 ने भागा: साडेपंधरा तास. चढणे, उतरणे, गेटपासून धावपट्टीपर्यंत सरकणे यांचा अर्धा तास धरला की 16. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. त्यामुळे गर्दीच्या वेळी रांगेसाठी थोडा वेळ आणखी ठेवलेला बरा.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. रात्री 1 ला निघून सकाळी 7.30 ला पोहोचणारे विमान साडेसहा तास उडत नाही. त्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेतले घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, आपले बदलत नाही. त्या आठवड्यांतले तिकीट असेल तर उतरण्याची वेळ पुन्हा तपासून घ्यावी.