कोयनेचा भूकंप यादीत का सापडत नाही?

कोयनेचा मोठा भूकंप झाला 11 डिसेंबर 1967 रोजी, पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी. कोयनानगर चिपळूणपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर. ही नोंद यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या भूकंपसूचीत आहे. या सूचीचा एपीआय (प्रोग्रामने किंवा ब्राउझरने थेट माहिती मागवण्याची ठरलेली सोय) सर्वांसाठी खुला आहे, खातं उघडावं लागत नाही. तरीही चिपळुणात बसून ही नोंद शोधणाऱ्याच्या हाती पहिल्या वेळी बहुधा रिकामी यादी येते.

एपीआयला प्रश्न विचारायचा तो वेबपत्त्यातूनच. पत्त्यापुढे ? हे चिन्ह, मग पॅरामीटरचं (शोधाच्या अटीचं) नाव, = आणि किंमत; दोन पॅरामीटरांच्या मधे &. आपल्याला लागतील ते असे: लॅटिट्यूड=17.53, लॉन्जिट्यूड=73.52, मॅक्सरेडियसकेएम=100, मिनमॅग्निट्यूड=6. (प्रत्यक्षात ही नावं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहायची.) अर्थ सरळ आहे: चिपळूणपासून 100 किलोमीटरच्या आतले, 6 किंवा त्याहून मोठे भूकंप. सगळ्या अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच नोंद चाळणीतून खाली उतरते.

एवढं पाठवलं की कोयना येत नाही. कारण स्टार्टटाइम, म्हणजे शोध कधीपासूनचा ती वेळ, दिला नाही, तर हा एपीआय फक्त गेल्या 30 दिवसांत शोधतो. न लिहिलेल्या पॅरामीटरलाही किंमत असते. ती कोणती, हे माहितीपत्रकातच वाचावं लागतं. म्हणून कुठलाही नवा एपीआय वापरताना आधी ‘डीफॉल्ट’चा (न लिहिल्यास धरल्या जाणाऱ्या किमतीचा) रकाना बघावा, उदाहरणं नंतर.

मग स्टार्टटाइम=1967-12-11 आणि एंडटाइम=1967-12-12 असं लिहिलं जातं. तारीख बरोबर, तरी मुख्य धक्का गायब! इथे खरी मेख आहे. वेळेचा पट्टा सांगितला नाही तर सर्व्हर दिलेली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतो, आणि भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे 11 तारखेची पहाट झाली होती तेव्हा यूटीसीत 10 तारखेचे रात्रीचे 10:51 वाजले होते. म्हणजे चाळणीचं दार उघडण्याआधीच भूकंप होऊन गेला. शेवटच्या तारखेचंही तसंच. नुसती तारीख दिली की ती त्या दिवसाच्या 00:00 वाजताची समजली जाते, त्यामुळे तो अख्खा दिवस बाहेर राहतो. सोपा उपाय: दोन्ही बाजूंना एकेक दिवस जास्त घ्यावा. 10 ते 13 डिसेंबर मागितलं की काम होतं.

वेळ नेमकीच द्यायची असेल तर पुढे +05:30 जोडता येतं, पण तिथे आणखी एक खाच आहे. पत्त्यातल्या प्रश्नाच्या भागात + हे चिन्ह पुष्कळ सर्व्हर मोकळी जागा म्हणून वाचतात. पट्टा मोडतो आणि 400 क्रमांकाची चूक, म्हणजे ‘प्रश्नच चुकीचा आहे’ असं उत्तर, परत येते. + च्या जागी %2बी लिहावं (‘बी’ हे रोमन अक्षर). पत्ता स्वतः जोडण्यापेक्षा प्रोग्रामच्या लायब्ररीला पॅरामीटर वेगळे द्यावेत, हे सांकेतिकीकरण ती करते.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल तर हमखास होते, कारण उत्तर जिओजेसनमध्ये (नकाशावरची माहिती लिहिण्याच्या एका साच्यात) मागवलं तर त्यात रेखांश आधी असतो. तिथले आकडे उचलून त्याच क्रमाने पुढच्या प्रश्नात टाकले की शोध चिपळूणऐवजी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात सुरू होतो. चूक दाखवली जात नाही, कारण ते ठिकाणही पृथ्वीवरच आहे.

लिमिट हा पॅरामीटर किती नोंदी हव्यात ते सांगतो, पण लिमिट=1 म्हणजे ‘सर्वांत मोठा’ नव्हे. आधी क्रम लागतो, मग यादी कापली जाते, आणि इथला नेहमीचा क्रम नव्याकडून जुन्याकडे आहे. सर्वांत मोठा हवा तर ऑर्डरबाय=मॅग्निट्यूड द्यावं. एका वेळी 20000 नोंदींची मर्यादा आहे. ती ओलांडली की पुन्हा 400 ची चूक. मोठी यादी तुकड्यांनी आणताना ऑफसेट (कितव्या नोंदीपासून सुरुवात करायची तो आकडा) 1 पासून मोजला जातो हेही ध्यानात असू द्यावं, कारण बऱ्याच एपीआयमध्ये तो 0 पासून असतो.

अख्ख्या कोकणासाठी वर्तुळ निरुपयोगी. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची चिंचोळी पट्टी वर्तुळात घ्यायची तर अर्धा देश आणि अर्धा समुद्र सोबत येतो. त्याऐवजी किमान-कमाल अक्षांश-रेखांश देऊन चौकोन आखावा: अक्षांश 15.7 ते 20.2, रेखांश 72.6 ते 74. त्यात घाटमाथा थोडा येतो, पण कोयनाही येते.

याच चौकोनात मिनमॅग्निट्यूड=2 लावून पालघर-डहाणूकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून जाणवू लागलेले छोटे धक्के शोधले तर फारसं काही मिळणार नाही. चाळणी बारीक केली तरी मुळात साठ्यात नसलेलं येत नाही, आणि अमेरिकेबाहेरच्या 4.5 हून लहान भूकंपांची नोंद या सूचीत अपुरी असते. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदी पाहाव्यात.