कामगंध सापळ्याचे ल्युर हाताळताना: कापूस उत्पादक ग्राहकांसाठी

“सापळ्यात पतंगच येत नाहीत, ल्युर खराब निघाले,” ही तक्रार दर हंगामात येते. ल्युर म्हणजे मादी पतंगाच्या गंधाचे आमिष; ते कामगंध सापळ्यात लावले की नर पतंग येतात. बहुतेक वेळा ल्युर चांगलेच असते. आधी हेलिल्युर (हिरव्या बोंडअळीचे ल्युर) उघडले आणि त्याच बोटांनी गुलाबी बोंडअळीचे ल्युर लावले, इथे घोळ होतो.

नर पतंगाच्या मिशांवर बारीक केस असतात. मादीचा गंध केसांवरच्या छिद्रांतून आत शिरतो. गंध तेलकट, आतला द्रव मात्र पाणीदार. म्हणून एक वाहक प्रथिन गंधाचा रेणू पकडून मज्जापेशीवरच्या ग्राही (गंध ओळखणाऱ्या) प्रथिनापर्यंत नेते. रेणू ओळखीचा असला तरच मेंदूला निरोप जातो. काम झालेला गंध विकरे (एन्झाइम) लगेच मोडतात, त्यामुळे वाऱ्यावरचा पुढचा झोत नराला वेगळा कळतो आणि त्या मागावर तो येतो.

गुलाबी बोंडअळीच्या गंधात दोन घटक निम्मे-निम्मे लागतात. हिरव्या बोंडअळीचे घटक वेगळे, प्रमाण 97:3. ल्युरमध्ये गंधद्रव्य मिलिग्रॅममध्येच असते, त्यामुळे बोटाला लागलेला अंशही नडतो. कित्येक पतंगांत तर परक्या जातीचा गंध ओळखून नराला मागे फिरवणारी ग्राही प्रथिनेही असतात. म्हणूनच “सगळ्या किडींना एकच ल्युर” आम्ही ठेवत नाही.

प्रत्येक प्रकारच्या ल्युरला नवा हातमोजा वापरा. तंबाखू मळलेला किंवा फवारणीचा हात नको. पाकीट सापळ्याजवळच फोडा. रिकामे पाकीट आणि जुने ल्युर शेतात टाकू नका; त्यांचाही वास पतंगांना सापळ्यापासून भलतीकडे नेतो.

लागवडीनंतर 45 दिवसांनी हेक्टरी 5 सापळे, शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच लावा. सलग 3 रात्री, दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की फवारणीची वेळ झाली. ल्युर बाटले तर आकडा कमी दिसतो, तुम्ही निर्धास्त राहता, आणि तोवर अळी बोंडात शिरते. तिथे औषध पोचत नाही. सापळ्यात फक्त नर येतात, मादीची अंडी थांबत नाहीत. म्हणून पात्या (कळ्या), फुले आणि डोमकळ्याही (अळी शिरल्याने न उमललेली फुले) तपासत राहा.

आमची पाकिटे थोडी महाग वाटतील. प्रत्येक ल्युर वेगळे सीलबंद असते, सोबत हातमोजा असतो आणि दुकानात ती फ्रीजमध्येच असतात. घरीही तशीच ठेवा, पण खाण्याच्या वस्तूंपासून दूर, बंद डब्यात. सील न फोडलेले पाकीट मुदतीत बदलून देतो. फोडलेले घेत नाही, कारण त्याला कोणाचा हात लागला हे तपासता येत नाही.