ठासणीची रायफल आणि मागून भरायची रायफल, गल्लत नको

१८५७ ची काडतुसं म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर खटकन बोल्ट ओढून गोळी भरायची रायफल येते. पण ती काडतुसं ज्या रायफलीची, ती एनफिल्ड होती ठासणीचीच! कागदी काडतूस दाताने फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, मग गोळी, मग गजाने ठासायचं, मग ठिणगी पाडणारी छोटी टोपी चढवायची आणि मग कुठे बार. रायफल का म्हणायचं, तर नळीच्या आत आटे पाडलेले, त्याने गोळी फिरत बाहेर पडते आणि लांबवर सरळ जाते.

आटे आधीही होते, पण त्यात घट्ट बसणारी गोळी ठोकत ठोकत घालावी लागायची, लढाईत एवढा वेळ कोण देतो. फ्रान्सच्या मिनिएने १८४९ मध्ये बुडाशी पोकळ असलेली गोळी काढली, ती आत सहज सरकते आणि बार झाला की बूड फुगून आट्यांत रुतते. इंग्रजांच्या जुन्या, आटे नसलेल्या ब्राऊन बेस बंदुकीचा १०० यार्डांपुढे काही भरवसा नसायचा, एनफिल्डच्या मागच्या नेमपट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा. वेग मात्र तोच, मिनिटाला दोन-तीन बार, आणि भरायला उभं राहायला लागतं.

मागून भरायची बंदूक ही वेगळी भानगड. प्रशिया या जर्मन राज्याने ड्रायझं या कारागिराची नीडल गन १८४१ मध्येच स्वीकारली. बोल्ट उघडा, काडतूस ठेवा, बंद करा, चाप ओढा की लांब सुई कागद फोडून आतल्या पेट घेणाऱ्या मसाल्यावर आदळते. आटे हिलाही होतेच, म्हणून तर लोकांचा घोळ होतो. खोडीही भरपूर, सुई मोडायची, सांध्यातून गरम वायू थेट तोंडावर यायचा म्हणून काहीजण कमरेवरूनच झाडायचे. पण मिनिटाला पाचेक बार, तेही जमिनीवर पालथं पडून!

३ जुलै १८६६, क्योनिगग्रेट्झ, प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धातली मोठी लढाई. ऑस्ट्रियाची लॉरेन्झ रायफल ठासणीची, पण नीडल गनपेक्षा लांब मारणारी, कागदावर भारीच की. तरी त्यांच्या सेनापतींचा भर संगिनीच्या हल्ल्यावर, पलटणी दाटीने पुढे यायच्या आणि आडोशाला पडलेले प्रशियन त्यांना भाजून काढायचे. प्रशियाचं नुकसान साधारण ९ हजार, ऑस्ट्रियाचं ४० हजारांवर, त्यातले निम्मे कैदी. नुसत्या बंदुकीने हे झालं नाही, पण माझ्या मते पल्ल्यापेक्षा वेग आणि पालथं पडायची सोय भारी ठरली.

इंग्रजांनी मग त्याच एनफिल्डचा मागचा भाग कापून झाकण बसवलं, ती स्नायडर. १८६७-६८ मध्ये मुंबईहून इंग्रज सेनापती नेपियरची फौज ॲबिसिनियावर (आजचा इथिओपिया) गेली तेव्हा गोऱ्या पलटणीकडे स्नायडर होत्या, हिंदी शिपायांकडे ठासणीच्याच, कारण ५७ नंतर चांगलं हत्यार त्यांच्या हाती द्यायची साहेबाला धास्ती.