मॉड्यूलर सिंथ: मॉड्यूल बसवण्याआधी मागची केबल तपासा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मॉड्यूलर सिंथ म्हणजे सुटी मॉड्यूल एका केसमध्ये बसवून आणि केबलने एकमेकांना जोडून आवाज तयार करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य. दुरुस्तीला येणाऱ्या मॉड्यूलमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड एकच आहे: मागची पॉवर केबल उलटी लावलेली. नॉब तुटला, जॅक सैल झाला, पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) खरखरतोय, ही कामं तासाभरात उरकतात. उलट्या केबलने उडालेल्या मॉड्यूलला मात्र दिवस जातात आणि कधी कधी ते पुन्हा सुरूच होत नाही. हे सगळं पाच मिनिटांच्या तपासणीने टळतं. म्हणून हे पत्रक आम्ही प्रत्येक मॉड्यूलच्या खोक्यात घालतो. केसचे स्क्रू सोडवण्याआधी वाचा.

पुढे काहीही जोडा, मागे जपून

नवीन माणूस पुढच्या पॅनेलला, म्हणजे जिथे पॅच केबलने मॉड्यूल एकमेकांना जोडतात त्या बाजूला, घाबरतो. "ही पॅच केबल इथे लावली तर काही जळेल का?" असे फोन सारखे येतात. नाही जळणार. बहुतेक मॉड्यूलच्या आउटपुटला आत साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे आउटपुटला आउटपुट जोडलं तरी फार तर आवाज विचित्र येईल. बिनधास्त जोडा, चुका करा, मॉड्यूलर शिकायची तीच रीत आहे. पुढच्या बाजूला काळजी फक्त बाहेर जाणाऱ्या आवाजाची घ्यायची. मॉड्यूलमधला सिग्नल साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक (खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत) असतो, मिक्सरच्या लाइन इनपुटपेक्षा कितीतरी जोरात. मध्ये आउटपुट मॉड्यूल घाला, मिक्सरची माइकला वीज देणारी फँटम पॉवर बंद ठेवा आणि हेडफोन कानाला लावण्याआधी व्हॉल्यूम खाली आणा.

तीच माणसं मागची रिबन केबल, म्हणजे चपटी पॉवर केबल, मात्र अंदाजाने खोचतात. खरं नुकसान तिथे होतं.

लाल रेघ म्हणजे प्लस नव्हे

बॅटरी, गाडी, घरातला अडॅप्टर, सगळीकडे लाल तार प्लसची असते. हाताला तीच सवय असते आणि चूक तिथूनच होते. रिबन केबलवरची लाल रेघ फक्त पहिल्या पिनची बाजू दाखवते. डोएफर या जर्मन कंपनीने १९९५ च्या सुमारास ए-१०० ही मालिका आणली. आज ज्याला आपण युरोरॅक म्हणतो ती मॉड्यूलच्या मापांची आणि पुरवठ्याची ठरलेली पद्धत त्यातूनच आली. त्या पद्धतीत पहिल्या पिनवर मायनस १२ व्होल्ट आहे. म्हणजे लाल रेघ मायनस १२ च्या बाजूला.

बस बोर्ड म्हणजे केसमधला, सगळ्या मॉड्यूलना वीज वाटणारा बोर्ड. त्यावरच्या १६ पिनांची मांडणी अशी: १ आणि २ वर मायनस १२, ३ ते ८ ग्राउंड, ९ आणि १० वर प्लस १२, ११ आणि १२ वर प्लस ५, १३ आणि १४ वर सीव्ही (नियंत्रणाचं व्होल्टेज), १५ आणि १६ वर गेट (स्वर सुरू-बंद करणारा इशारा). १० पिनांच्या मॉड्यूलला यातल्या पहिल्या दहाच पिना असतात.

१० पिनांची केबल उलटी लागली तर मधल्या सहा ग्राउंडच्या पिना जागेवरच राहतात, पण प्लस आणि मायनस १२ ची अदलाबदल होते. ऑपॲम्प आयसीला (सिग्नल वाढवणाऱ्या चिपला) उलटा पुरवठा मिळाला की तो जवळजवळ शॉर्टसारखा करंट ओढतो. आधी आयसी तापतो, मग वास येतो, उलटे पडलेले कपॅसिटर फुगतात.

१६ पिनांची केबल उलटी लागली तर प्रकरण जास्त वाईट, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. मॉड्यूलच्या ग्राउंडच्या पिनांपैकी दोन बस बोर्डच्या प्लस १२ वर पडतात आणि दोन प्लस ५ वर. मॉड्यूलमध्ये सगळ्या ग्राउंड पिना एकमेकींना जोडलेल्याच असतात. म्हणजे त्या मॉड्यूलमधून प्लस १२ थेट ५ व्होल्टच्या लाइनला भिडतं. केसमधलं जे दुसरं मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतं, त्याचाही काहीही दोष नसताना बळी जाऊ शकतो.

"पण मॉड्यूलमध्ये प्रोटेक्शन आहे ना?" असतं, पण सगळ्यांत नाही आणि सारखं नाही. पुरवठ्याच्या वाटेत १एन५८१७ किंवा तसला शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मालिकेत असेल तर उलटा करंट अडतो आणि मॉड्यूल शाबूत राहतं. काही ठिकाणी डायोड समांतर असतो. तो उलट्या पुरवठ्याला शॉर्ट करतो आणि आयसी वाचवण्यासाठी पुढचा १० ओहमचा रेझिस्टर जळतो. तेवढं बदललं की काम भागतं. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा यातलं काहीच नसतं.

खाच आहे म्हणून निर्धास्त राहू नका

खाचेचा प्लास्टिकचा बॉक्स असलेला कनेक्टर एकाच बाजूने बसतो, हे खरं. पण तो बॉक्स बोर्डवर सोल्डर करतानाच फिरला असेल तर? किंवा केबलच्या एका टोकाचा कनेक्टर उलटा दाबला असेल तर? दोन्ही प्रकार येतात, खासकरून घरी जोडलेल्या किटमध्ये आणि ऑनलाइन घेतलेल्या सुट्या केबलमध्ये. बॉक्स नसलेल्या उघड्या पिनांवर आणखी एक गोष्ट घडते: केबल एका ओळीने सरकून बसते. दिसायला सरळ, पण मायनस १२ ग्राउंडवर पडलेलं.

तपासणी अशी करा

केस बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा. बस बोर्डवरचे एलईडी पूर्ण विझेपर्यंत थांबा, कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. चालू केसमध्ये मॉड्यूल लावू किंवा काढू नका, अगदी "एकच मिनिट" म्हणूनसुद्धा नाही.

आधी केबल बघा. ती टेबलावर सपाट पसरा, कुठे पीळ राहू देऊ नका. प्रत्येक कनेक्टरवर बारीक त्रिकोण कोरलेला असतो, तो पहिल्या पिनची खूण. दोन्ही टोकांना त्रिकोण लाल रेघेच्याच बाजूला हवा. मग मल्टिमीटर बीपवर (जोड आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि एका टोकाच्या लाल रेघेकडच्या शेवटच्या दोन भोकांपासून दुसऱ्या टोकाच्या तशाच दोन भोकांपर्यंत बीप येतो का बघा. एका टोकाला १६ आणि दुसऱ्या टोकाला १० पिनांचा कनेक्टर असलेल्या केबलमध्ये दहा तारा मोठ्या कनेक्टरच्या लाल रेघेकडच्या टोकाला असतात. उरलेली सहा भोकं रिकामी राहतात.

मग मॉड्यूल. बोर्डवर "लाल रेघ", "मायनस १२" किंवा जाडसर पट्टी अशी खूण शोधा. खूण सापडली नाही तर मीटरची एक पिन कुठल्याही जॅकच्या बाहेरच्या धातूला, म्हणजे ग्राउंडला लावा आणि दुसरी मागच्या पिनांवरून फिरवा. १६ पिनांच्या कनेक्टरवर सहा पिनांचा एक गट बीप देईल. त्या गटाच्या एका बाजूला दोनच पिना उरतात आणि दुसऱ्या बाजूला आठ. दोन पिनांची बाजू मायनस १२ ची, लाल रेघ तिकडे.

१० पिनांवर ही युक्ती चालत नाही, कारण ग्राउंड बरोबर मध्ये असतं आणि दोन्ही बाजूंना दोन-दोनच पिना उरतात. तिथे ऑपॲम्पचा आधार घ्या. टीएल०७२ असेल तर त्याची ४ नंबरची पिन मायनसची आणि ८ नंबरची प्लसची. टीएल०७४ असेल तर ११ मायनस, ४ प्लस. आयसीच्या मायनस पिनेपासून कनेक्टरच्या कोणत्या टोकाला बीप येतो ते बघा. मध्ये डायोड असेल तर बीप येणार नाही. मग मीटर डायोड मोडवर घेऊन दोन्ही दिशांनी मोजा, एका दिशेला ०.२ ते ०.७ च्या आसपास आकडा दिसेल.

शेवटी केबल बसवा आणि दोन्ही टोकांना उरलेल्या पिना मोजा. एकही पिन बाहेर डोकावता कामा नये.

पहिल्यांदा सुरू करताना केसमध्ये ते एकच मॉड्यूल ठेवा, बोट स्विचवरच असू द्या. बस बोर्डचे तिन्ही एलईडी नेहमीसारखे उजळले तर ठीक. एखादा मंद झाला, लुकलुकू लागला किंवा विझला तर लगेच बंद करा. पुरवठा स्वतःला वाचवायला बघतोय, असा त्याचा अर्थ. अशा वेळी केबल फिरवून पुन्हा लावून बघायची घाई करू नका. अर्धमेलं मॉड्यूल त्या दुसऱ्या प्रयत्नात पूर्ण मरतं.

आमची पद्धत अशी का आहे

उलट्या केबलने जळालेलं मॉड्यूल वॉरंटीत घेत नाही, यावरून ग्राहक नाराज होतात. बाजू समजून घ्या. टीएल०७२ काही रुपयांना मिळतो, पैसे लागतात ते शोधायला. कोणते आयसी गेले, रेग्युलेटर जिवंत आहे का, हे एकेक करून बघावं लागतं. डिजिटल मॉड्यूलमध्ये प्रोसेसर गेला असेल तर नवा बसवून पुन्हा प्रोग्रॅम करावा लागतो, आणि मूळ बनवणारा फाइल देत नसेल तर तो रस्ताच बंद. म्हणून तपासणी शुल्क आधी घेतो आणि दुरुस्ती झाली की ते बिलातून वजा करतो.

आमच्या केबल बाजारातल्या केबलपेक्षा थोड्या महाग आहेत. प्रत्येक केबल आम्ही इथेच दाबून घेतो, सगळ्या तारा मीटरवर तपासतो आणि मगच तिला टॅग लागतो. सोबत एक छोटा टेस्टर मिळतो. तो केबलच्या मोकळ्या टोकाला लावायचा, सगळे हिरवे दिवे लागले तर दिशा बरोबर, लाल लागला तर थांबा. आमच्याकडून केस घेणाऱ्यांना तो फुकट देतो. मॉड्यूल दुसरीकडून घेतलं असलं तरी केबलसह दुकानात आणा, लावून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

करंटचा हिशोब

दिशा बरोबर असूनही केस मध्येच बंद पडते, तेव्हा बहुधा करंट कमी पडत असतो. प्रत्येक मॉड्यूल प्लस १२, मायनस १२ आणि प्लस ५ वर किती मिलिॲम्पियर घेतं हे त्याच्या माहितीत छापलेलं असतं. तिन्ही लाइनची बेरीज वेगवेगळी करा, एकत्र नको. समजा प्लस १२ वर ७५० मिलिॲम्पियर भरले, तर १ ॲम्पियरचा पुरवठा घ्या. पाव भाग तरी मोकळा असावा, कारण सुरू होताना सगळी मॉड्यूल काही क्षण जास्त ओढतात. मॉड्यूलग्रिड या वेबसाइटवर रॅक मांडला की ही बेरीज आपोआप दिसते.

सुरुवात कशाने करावी

एक ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), एक फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा), दोन व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारे), एक एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार ठरवणारा), एक एलएफओ (हळू डोलणारा ऑसिलेटर) आणि आउटपुट. एवढ्यावर महिनोन् महिने काम होतं. व्हीसीए दोन का, हे पहिल्या आठवड्यातच कळेल. केस मात्र गरजेपेक्षा मोठी घ्या: ८४ एचपीच्या दोन ओळी. एचपी हे मॉड्यूलच्या रुंदीचं माप, १ एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, त्यामुळे ८४ एचपीची ओळ ४२७ मिलिमीटरच्या आत बसते, टेबलावर सहज मावते. आमच्या केस इथल्याच सुताराकडून प्लायवूडच्या करून घेतो, रिकाम्या जागेच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उद्यमनगरात कापतात. हवी ती रुंदी मिळते.

खरेदीआधी संगणकावर व्हीसीव्ही रॅक हा मॉड्यूलर सिंथचा प्रोग्रॅम उतरवून घ्या. मूळ आवृत्ती फुकट आहे आणि पॅचिंग खऱ्या मॉड्यूलसारखंच आहे. त्यावर महिनाभर हात बसवून मग या. तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवंय ते आम्हाला विचारावं लागत नाही, आणि नको ते मॉड्यूल गळ्यात पडत नाही. परदेशातून मागवलेल्या मॉड्यूलवर सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो, त्यामुळे चुकीची निवड महागात पडते.

गाणं-बजावणं करणाऱ्या घरातले बरेच ग्राहक तंबोऱ्यासारखा ड्रोन करायला मॉड्यूलर घेतात, आणि तो सुरेख होतो. दोन ऑसिलेटर, एक सा वर, एक प वर, फिल्टर हळूहळू हलवत ठेवायचा. ॲनालॉग ऑसिलेटर वीस-तीस मिनिटं तापल्यावरच सुरात लावा, आधी लावलेला सूर सरकतो. क्वांटायझरमधून (व्होल्टेज ठरलेल्या स्वरांवर बसवणाऱ्या मॉड्यूलमधून) गंधार घेऊ नका. त्याचे बारा स्वर पेटीसारखे सारख्या अंतरावर असतात, आणि शुद्ध गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) खाली लागतो. १ व्होल्टला १ सप्तक या हिशोबाने तो फरक ११ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. नॉब कानाने फिरवा.

घरातली वीज आणि पावसाळा

सतत गुणगुण येत असेल तर बिघाड मॉड्यूलमध्ये असेलच असं नाही. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थची तार कुठेच गेलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉप यूएसबीने जोडलेला असेल तर तो काढून बघा, निम्म्या वेळा आवाज तिथेच थांबतो. जून ते सप्टेंबर केस झाकून ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सुरू ठेवा. जॅक खरखरू लागले तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, तेल नको.

दुरुस्तीला आणताना

मॉड्यूलसोबत त्याची तीच केबल आणा, दुसरी नको. बस बोर्डचा फोटो काढा, केबल लागलेली असतानाच. ती काढल्यावर नेमकं काय झालं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. उलटी लागली होती असं वाटत असेल तर काउंटरवर तसं सरळ सांगा. मग आम्ही पुरवठ्याच्या बाजूनेच तपासायला सुरुवात करतो आणि तुमचं बिल कमी येतं.